टेम्पोवरचा आवाज

घोडपदेवात सुचित्राला चेहऱ्यानं न ओळखणारी माणसं होती, पण तिचा आवाज न ओळखणारं कुणी नव्हतं. हळदीचे कार्यक्रम, मंडळांचे बक्षीस समारंभ, हिंदमाताच्या साडीवाल्यांचे सेल, सगळीकडे माईकवर तीच. निवडणूक आली की प्रचाराच्या टेम्पोवरही तीच.

पाच वर्षांपूर्वी साहेब पहिल्यांदा आमदारकीला उभे राहिले, तेव्हा तिचा आवाज गल्लीबोळांतून फिरला होता. ‘माताभगिनींनो, दुरुस्तीसाठी बंद पडलेलं आपलं प्रसूतिगृह एका वर्षात सुरू होणार म्हणजे होणारच!’ यातलं ‘म्हणजे होणारच’ कागदावर नव्हतं. वाक्याला जोर येतो म्हणून तिनंच ते पदरचं घातलं होतं. साहेब निवडून आले. प्रसूतिगृहाच्या फाटकाचं कुलूप गंजलं आणि आतल्या भिंतीत पिंपळ रुजला.

यंदा साहेबांचा कार्यकर्ता वैभव नवा मजकूर घेऊन घरी आला. ‘ताई, उद्या रेकॉर्डिंग. अर्ध्या तासाचं काम.’

सुचित्रानं कागद वाचला. तिसऱ्याच ओळीत प्रसूतिगृह होतं. ‘एका वर्षात’सुद्धा तसंच.

‘वैभव, हे जुनंच आहे रे.’

‘जुनं कसं? फॉन्ट बदललाय ना!’ तो हसला.

शेजारच्या राधाबाई कढीपत्ता मागायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. त्यांची सून गेल्या वर्षी लांबच्या हॉस्पिटलात नेताना लालबागच्या पुलावर, टॅक्सीतच बाळंत झाली होती. पोरगी वाचली, सून महिनाभर अंथरुणाला खिळली. वैभव गेल्यावर राधाबाई म्हणाल्या, ‘माका साहेब ठावक नाय गो. मी तुझो आवाज आयकलंय आणि मत दिलंय. म्हटलंय, सुची काय खोटा बोलूची नाय.’

त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साधेपणानं बोलल्या आणि कढीपत्ता घेऊन गेल्या.

‘तू कशाला मनाला लावून घेतेस?’ नवरा, दीपक, जेवताना म्हणाला. ‘तुझं काम बोलायचं. खरंखोटं त्यांनी बघायचं.’

‘लोक त्यांना ओळखत नाहीत, दीपक. मला ओळखतात.’

सकाळी तिनं वैभवला फोन करून रेकॉर्डिंगला नाही म्हटलं. तो वैतागला, मग म्हणाला, ‘निदान रविवारच्या सभेला तरी या. तिथं वाचायचं काही नाही. फक्त साहेबांना बोलवायचं.’

‘येते,’ ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की दीपकनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

रविवारी संध्याकाळी मैदान भरलं. पुढच्या खुर्च्यांवर चाळीतल्या बायका, मागे पोरं, स्टेजवर हार घातलेले साहेब. सुचित्रा माईकपाशी गेली. नेहमीसारखं ‘नमस्कार मंडळी’ म्हणाली. पुढचं मात्र नेहमीचं नव्हतं.

‘साहेबांना बोलावण्याआधी माझं एक सांगायचंय. पाच वर्षांपूर्वी याच आवाजात मी तुम्हाला सांगितलं, प्रसूतिगृह एका वर्षात सुरू होणार म्हणजे होणारच. ते झालं नाही. मी विचारपूस न करता बोलले. त्याची मी हात जोडून माफी मागते. साहेबांनी आता भाषणात पहिल्यांदा...’

माईक बंद झाला. स्टेजच्या कडेला वैभवच्या हातात वायर होती.

पण चाळीच्या चौकात, माईकशिवाय नाटकं करत तिचा आवाज घडला होता. ती स्टेजच्या टोकाला आली, पोटातून श्वास घेतला आणि उरलेलं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. ‘...प्रसूतिगृहाची तारीख सांगावी!’

मग राधाबाई खुर्चीवरून उठल्या. ‘व्हय तर! तारीख सांगा!’ त्यांच्या मागून आणखी आवाज उठले.

साहेब मुरलेले होते. चालू झालेला माईक हातात घेत ते हसले. ‘ताईंचा राग मला समजतो. घरचीच आहे ती. निवडून आल्यापासून सहा महिन्यांत कुलूप निघेल. माझा शब्द.’

टाळ्या पडल्या, पण थोड्या. सुचित्रानं वाजवल्या नाहीत. ती स्टेजवरून उतरून राधाबाईंशेजारी बसली.

त्यानंतर तिला मंडळांचे फोन येईनात. विरोधी उमेदवाराचा माणूस मात्र पेढ्यांचा पुडा घेऊन आला. ‘ताई, काय वाजवलीत त्यांची! आता आमच्या टेम्पोवर तेच बोला. वर आमचं आश्वासन, चार महिन्यांत प्रसूतिगृह.’

‘चार महिन्यांत कसं? दुरुस्तीचा आराखडा बघितलाय तुम्ही? डॉक्टर, नर्स कुठून आणणार?’

‘ते आमच्या उमेदवारांना विचारून सांगतो.’

‘मग विचारून या. पेढे घेऊन जा.’

तो जिना उतरला, तो परत आलाच नाही.

‘मग मत दिवचा कोणाक?’ राधाबाईंनी विचारलं.

‘ज्याला द्यायचं त्याला द्या. मीही देणार आहे. पण यापुढे कुणाचाही शब्द मी माझ्या तोंडानं तुमच्या दारात आणणार नाही.’

निवडणूक झाली. साहेबच निवडून आले, मताधिक्य मात्र निम्म्यावर आलं. निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी सुचित्रा, राधाबाई आणि चाळीतल्या चौघी साहेबांच्या कार्यालयात गेल्या. टेबलामागे वैभव होता.

‘वेळ घेतली होती का, ताई?’ त्यानं तिच्याकडे न बघताच विचारलं.

‘साहेबांनीच दिलीय, भर सभेत. सहा महिने म्हणाले होते,’ सुचित्रा म्हणाली. ‘काम कुठवर आलं ते दर सोमवारी विचारायला येणार आम्ही.’

आणि खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली.