बोक्याच्या तीनशे ओळी

महिन्यात दुसऱ्यांदा टेकडीवरची टाकी भरून वाहिली, तेव्हा साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"टाकी काठोकाठ भरलेली, आणि आपला प्रोग्राम म्हणतो रिकामी आहे. पंप आपला चालूच. खालच्या गल्लीत चार घरांत पाणी शिरलं. काय चाललंय काय?"

शहराच्या पाणीपुरवठ्याचा हा प्रोग्राम मी दहा वर्षं सांभाळतेय. कुठल्या टाकीत किती पाणी आहे, कुठला पंप कधी सुरू करायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी बंद करायचा, हे सगळं तो बघतो. रस्ट नावाच्या भाषेत लिहिलेला, तीन लाख ओळींचा. माझे बाबा याच खात्यात फिटर होते. मी रस्टमध्ये काम करते असं घरी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं होतं. "रस्ट म्हणजे गंजच ना? मी जन्मभर गंज खरवडला, आणि तू शिकूनसवरून त्यातच जाऊन बसलीस!"

तीन लाख ओळी आमच्या, पण त्यांना खालून टेकू आहेत ते जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेल्या छोट्या-मोठ्या लायब्ररींचे. अशा चारशे तरी असतील. एक तारीख वाचते, दुसरी नकाशा काढते. माझं निम्मं काम या टेकूंवर नजर ठेवण्याचं. कुणाचं नवं व्हर्जन आलं, कुणात चूक सापडली, कुणाकडे आता कुणी ढुंकूनही बघत नाही. दर सोमवारी यादी काढायची आणि एकेक बदलत जायचं. एक बदलला की दुसरे तीन कुरकुरतात.

टेकडीच्या टाकीचा माग काढत मी दोन दिवस कोडात खाली खाली उतरत गेले आणि तीनशे ओळींच्या एका लायब्ररीपाशी येऊन थांबले. टाक्यांवरचे मीटर जे संदेश पाठवतात ते वाचायचे, एवढंच तिचं काम. मीटर बिघडला की कधीकधी आकडा नसलेला, रिकामा संदेश येतो. तसा आला की ही लायब्ररी बिनदिक्कत 'शून्य' म्हणून मोकळी व्हायची. शून्य म्हणजे टाकी रिकामी, आणि टाकी रिकामी म्हणजे पंप लावा.

शेवटचा बदल आठ वर्षांपूर्वीचा. लिहिणाऱ्याचं नाव वाचलं आणि मी खुर्चीत मागे टेकले. बोका!

आम्ही तिघं होतो तेव्हा. आक्का, बोका आणि मी. आक्का आमची प्रमुख. बोका माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण त्याला अहो-जाहो केलं की तो मागे वळून दुसरं कुणी आलंय का ते बघायचा. ऑफिसात जागा नव्हती म्हणून आम्हाला एका छापखान्याच्या वरची खोली दिली होती. लोखंडी जिना, शाईचा वास, आणि खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या चहात बारीक बारीक वर्तुळं उठायची. दुपारी जेवण झालं की बोका कागदाच्या गठ्ठ्यांवर अंग मुडपून वीस मिनिटं झोपायचा. नाव त्यावरूनच पडलं. मला तो चिमणी म्हणायचा, कारण माझा आवाज यंत्रापुढे कुणाला ऐकूच जायचा नाही.

रस्ट तेव्हा आम्हा तिघांनाही नवी होती. तिचा कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून पुढे सोडणारा प्रोग्राम, काही केल्या पास करायचा नाही. बोका म्हणायचा, "ही आपली मोठी आत्या आहे. चारचौघांत चूक काढणार, पण जाताना कानात उपायही सांगून जाणार." खरंच तसं होतं. आत्याने एकदा हो म्हटलं की तिघंही टाळ्या पिटायचो. खालचे छापखानेवाले वर येऊन विचारायचे, कुणाचं लग्न ठरलं का म्हणून.

मग तो दिवस आला. एका सकाळी एका मीटरने रिकामा संदेश पाठवला आणि आमचा प्रोग्राम जागच्या जागी बंद पडला. अर्धं शहर दुपारपर्यंत कोरडं. कोडातल्या एका ओळीने गृहीत धरलं होतं की संदेशात आकडा असणारच, आणि ती ओळ बोक्याच्या नावावर होती. चौकशी झाली. लांब टेबल, पाच अधिकारी. बोका उठून म्हणाला, "ओळ माझी आहे." आक्का त्याच्यासाठी भांडली. मी मूग गिळून बसले. संध्याकाळी त्याने घाईघाईत ते 'शून्य' घातलं, निदान प्रोग्राम बंद तरी पडू नये म्हणून. दोन महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला.

आता साहेबांचं म्हणणं सोपं होतं. "त्या लायब्ररीची प्रत काढ, दुरुस्त कर, वापर."

"काढता येईल," मी म्हणाले. "पण आपल्याच आणखी चार लायब्ररी तिच्यावर टेकल्यात. आणि बाहेरचे लोकही वापरतात. त्यांच्याही टाक्या असतील ना कुठेतरी. मूळ जागीच दुरुस्त केलेली बरी."

"मग त्या माणसाला गाठ."

त्याआधी मी लायब्ररीचा जुना इतिहास वाचायला घेतला. कोणी काय बदललं, त्यावर कोणी काय म्हटलं, सगळं तिथे तसंच असतं. वाचता वाचता हसू येत होतं. एका जागी आक्काने लिहिलं होतं, 'इथे हात लावायचा असेल तर आधी मला चहा पाजा.' आणि मग ती ओळ आली. तीच, शहर कोरडं पाडणारी. लिहून पाठवली होती मी, तपासून आत घेतली होती बोक्याने, म्हणून ती त्याच्या नावावर. तिच्याखाली आमचं बोलणं होतं. बोक्याने विचारलं होतं, 'आकडा नसला तर काय? "माहीत नाही" असं उत्तर द्यायची सोय करूया का?' त्यावर मी लिहिलं होतं, 'नको, चाळीस ठिकाणी बदलावं लागेल. मीटर रिकामा संदेश पाठवत नाहीत. मी बाबांना विचारलंय.' आणि बोक्याचं उत्तर, 'तुझे बाबा म्हणतात तर ठीक.'

मी ते तीनदा वाचलं. यातलं मला काहीच आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, की आठवायचंच नव्हतं, ते मला आजही धड सांगता येणार नाही.

पत्ता आक्काने दिला. ती आता निवृत्त होऊन मुलीकडे असते. मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस हं. लॅपटॉप घेऊन जा."

शहराच्या टोकाला बोक्याच्या बायकोची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांत रोपांच्या रांगा, पायाखाली ओली माती. बोका एका बाजूला उकिडवा बसून नळीचा जोड घट्ट करत होता. केस पांढरे झालेले, बाकी तोच.

"चिमणे!" तो मान वर करून म्हणाला. "आठ वर्षांनी आलीस म्हणजे काहीतरी फुटलं असणार."

"टाकी वाहिली," मी म्हणाले.

"माझं शून्य?"

"तुझं शून्य."

त्याने डोक्याला हात लावला, आणि डोक्याला चिखल लागला. वहिनी आतून हसत बाहेर आल्या. "बसा हो आधी. चहा टाकते. हा माणूस दारात उभं करूनच बोलत बसेल."

चहा झाला, तरी माझ्या तोंडून मूळ गोष्ट निघेना. मी रोपांची चौकशी केली, पाण्याची केली, मातीचीही केली. शेवटी बोकाच म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? बोल."

मी लॅपटॉप उघडून ते जुनं बोलणं त्याच्यापुढे धरलं. "ही ओळ माझी होती. तू नको म्हणत होतास. मी हट्ट केला. आणि चौकशीत गप्प बसले."

त्याने डोळे बारीक करून वाचलं. "हं. आठवतंय मला."

"आठवत होतं? मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"काय बोलणार? तू सुचवलंस, मी ठीक म्हटलं, मी आत घेतली. आत घेणाऱ्याची ती ओळ. नाहीतर मग तपासायला माणूस ठेवायचा कशाला?"

"तुझी नोकरी गेली रे."

"गेली? कोण म्हणतं?" तो हसायलाच लागला. "मी सोडली. मला कंटाळा आला होता, चिमणे. दिवसभर पडद्याकडे बघून मान धरायची. ही रोपवाटिका आम्ही आधीच बघून ठेवली होती. जाताना बघतो तर तुम्ही सगळे असे चेहरे करून उभे, जणू काही मी सुळावरच चाललोय. आक्का तर रडली. अशा वेळी कंटाळा आला म्हणून जातो असं सांगणं बरं दिसेना."

वहिनी म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं ह्याला, खरं काय ते सांगून टाक म्हणून."

मला हसावं की रडावं कळेना. आठ वर्षं मनात कुठेतरी एक खडा टोचत होता, आणि इथे हा माणूस मजेत जास्वंदीला पाणी घालत होता. तरी मी म्हणाले, "मी गप्प बसले ते मात्र चुकलंच."

"चुकलं," तो सरळ म्हणाला. त्याने ते पुसून टाकलं नाही, याचं मला बरं वाटलं. मग हात धुऊन आला आणि खुर्ची ओढली. "चल, दाखव."

पहिलंच घोडं अडलं ते दारात. लायब्ररीचं नवं व्हर्जन काढायला त्याचं खातं उघडायला हवं होतं. पासवर्ड विसरलेला, जुना फोन केव्हाच मोडीत गेलेला. अशा वेळेसाठी दिलेले आणीबाणीचे आकडे कुठेतरी कागदावर लिहिलेले होते, पण कुठे, ते त्याला आठवेना. वहिनी उठल्या, बियाण्यांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या आणि झेंडूच्या पाकिटाखालून घडी घातलेला कागद काढला.

"हा म्हणाला होता, हे कशाचं आहे ते तुला कळणार नाही, पण फेकू नकोस. आठ वर्षं उंदरांपासून जपलंय."

खातं उघडलं. बोक्याने 'शून्य' काढलं आणि त्या जागी उत्तराच्या दोन वाटा केल्या. आकडा असेल तर आकडा, नसेल तर 'माहीत नाही'. मग आम्ही ती दुरुस्त लायब्ररी माझ्या लॅपटॉपवरच्या मोठ्या प्रोग्रामला जोडून पाहिली. कंपायलरने जिथे जिथे आम्ही आकडा गृहीत धरला होता ती प्रत्येक जागा काढून दाखवली. एकेचाळीस चुका.

"चाळीस म्हणाली होतीस तेव्हा," बोका म्हणाला. "हिशेब बरोबर होता तुझा."

दुपारभर आम्ही एकेक जागा घेत गेलो. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, पातळी माहीत नसली तर काय करायचं? पंप थांबवायचा? चालू ठेवायचा? बोका वाद घालायचा, मी वाद घालायचे. बहुतेक ठिकाणी आम्ही एकच ठरवलं, की आहे ते चालू ठेव आणि माणसाला घंटी देऊन विचार. तीस उरल्या, मग सतरा, मग नऊ. मध्येच गिऱ्हाईक आलं की तो उठून रोपं काढून द्यायचा आणि परत येऊन विचारायचा, "कुठे होतो आपण?" वहिनींनी भाजी-भाकरी खायला लावली. जेवल्यावर तो पोत्यांच्या थप्पीवर आडवा झाला, आणि मी आवाज न करता पुढच्या दोन जागा दुरुस्त करत बसले. छापखान्याची ती खोली आता राहिली नाही, तिथे मोठी इमारत झालीये. पण त्या वीस मिनिटांत मला टेबल हलल्यासारखं वाटलं खरं.

शेवटची चूक काही केल्या जाईना. "हत्ती गेला, शेपूट राहिलं," बोका जांभई देत म्हणाला आणि खांद्यावरून वाकून बघू लागला. एक चिन्ह जास्त होतं. ते खोडलं, आणि पडदा स्वच्छ झाला. आम्ही दोघांनीही टाळी वाजवली नाही. नुसते बघत बसलो.

ऊन उतरायच्या आत त्याने लायब्ररीचं नवं व्हर्जन बाहेर काढलं आणि सांभाळणाऱ्यांच्या यादीत त्याच्या नावाखाली माझं नाव घातलं.

"आता तू बघ," तो म्हणाला. "मला रोपं आहेत."

निघताना मी म्हणाले, "आक्काला खरं सांगू? कंटाळ्याचं?"

त्याने जरा विचार केला. "सांग. पण हळूहळू सांग. वय झालंय तिचं."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना टाकीचं कारण सांगितलं, आणि त्याबरोबर आठ वर्षांपूर्वीची ती ओळ कुणाची होती तेही लेखी दिलं. त्यांनी कागद वाचला, "आता याचं काय करायचं?" म्हणाले आणि चौकशीच्या जुन्या फाइलला जोडून टाकला. टेकडीच्या मीटरने पुढच्याच आठवड्यात पुन्हा रिकामा संदेश पाठवला. यावेळी घंटी वाजली, माणूस जाऊन बघून आला, मीटर बदलला, पाणी जागच्या जागी राहिलं. कुठल्या तरी लांबच्या गावाहून एका अनोळखी बाईचं दोन ओळींचं पत्र आलं. त्यांच्याकडेही असंच होत होतं, आता होत नाही, धन्यवाद.

आणि महिन्याभराने एका सकाळी मला लायब्ररीत कुणीतरी सुचवलेला बदल दिसला. बोक्याने पाठवला होता. 'माहीत नाही' ही दुसरी वाट तपासणारी एक छोटी चाचणी, बारा ओळींची. मी ती नीट वाचली. चांगली होती, पण दोन नावं घोटाळ्यात टाकणारी होती आणि एक शक्यता तपासायची राहिली होती. मी तसं लिहून परत पाठवलं.

फोन पाच मिनिटांत आला. "मी बारा ओळी लिहिल्या, आणि तू तीन चुका काढतेस?"

"आत घेणाऱ्याची ओळ असते म्हणे," मी म्हणाले.

तो बराच वेळ पुटपुटत होता. मागे वहिनी कुणाला तरी गुलाबाचं रोप कसं लावायचं ते समजावत होत्या. संध्याकाळी दुरुस्त केलेल्या ओळी आल्या. मी पुन्हा एकदा वाचल्या, आणि आत घेतल्या.