माझ्या पोटातला तांब्याचा पडदा

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. एका मुलीच्या कानांची आणि तिच्या आत्याच्या हातांची गोष्ट सांगतो.

मी एक जुना, घरी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आहे. लोखंडी गाभा आणि त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, एवढाच माझा देह. मापनयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका माणसासाठी त्याच्या थोरल्या बहिणीने खिडकीपाशी बसून मला घडवले. त्याच्या मुलीला फार कमी ऐकू येई. तिच्यासाठी तो कानाचे यंत्र जोडत होता, पण ते नुसत्या शिट्ट्या मारी. त्याला नेमक्या मापाचे, वीज साठवणारे इवलेसे कॅपॅसिटर हवे होते, आणि घरातल्या जुन्या कॅपॅसिटरांवरचे आकडे पुसून गेले होते.

ते मापायचे काम माझ्याकडे आले. मी मापनयंत्राला एक बारीक गुणगुण पुरवायची. यंत्राची चकती फिरवता फिरवता हेडफोनमधली गुणगुण जिथे विरेल, तो आकडा खरा. पण ती विरेचना! माझ्या दोन गुंडाळ्या एकमेकींना चिकटून होत्या. तारेला तार शिवत नव्हती, तरी आवाज आतल्या आत पाझरत होता. शेजारच्या तारा न शिवताही नकळत कॅपॅसिटरसारख्या वागतात, ती चुकार धारकता या पाझराच्या मुळाशी असते.

"ताई, तुझा ट्रान्सफॉर्मर चहाडखोर आहे. इकडचं तिकडे करतो."

"मग मधे भिंत घालू. आपण भांडायचो तेव्हा आई झोपायची ना मधे, तशी!"

तिने मला उसवले. दोन गुंडाळ्यांमध्ये तांब्याचा पातळ पत्रा लपेटला आणि तो तारेने जमिनीशी जोडला, म्हणजे पाझर तिकडेच उतरून जाईल. अर्धवट काम तिला खपत नसे, म्हणून पत्र्याची दोन्ही टोकेही सुबक डाख देऊन सांधली.

हेडफोन शांत!

"जमलं, ताई!"

ताईने चकती फिरवली. शांत. मापायचा कॅपॅसिटरच काढून घेतला. तरी शांत.

"जमलं कसलं रे? हा तर मुका झालाय!"

टोके सांधल्याने पत्र्याचे कडे बंद झाले होते. माझे सारे बळ त्यातच गरगरून संपत होते. मित्रांनो, गप्प होणे निराळे आणि शांत होणे निराळे, बरं का! माणसांचेही तसेच असते.

तिने आपलाच सुबक डाख कापला. टोकांमध्ये कागद घातला, म्हणजे ती पुन्हा भेटायची नाहीत. देवाचे नाव घेऊन वरची गुंडाळी नव्याने घातली. या वेळी गुणगुण बारीक होत होत चकतीच्या एकाच जागी विरली. केसभर इकडेतिकडे होताच परत आली. भावाने तो आकडा लगेच टिपून घेतला.

हवे ते कॅपॅसिटर सापडले आणि कानाचे यंत्र तयार झाले. ते कानाला लावून मुलगी स्टुलावर बसली. नेहमीच्या सवयीने आत्या तिच्या कानाशी वाकून ओरडली, "ऐकू येतंय का गं?"

मुलगी दचकली. "ओरडतेस कशाला, आत्या? मी काय बहिरी आहे?"

बापाने तोंड भिंतीकडे वळवले. आत्या मात्र हसत हसत खालीच बसली.

आज मी एका गंजक्या डब्यात पडून आहे. माझी तक्रार नाही. फक्त एवढेच मागतो की, जुनी वस्तू फेकण्याआधी क्षणभर हातात घ्या, तिच्यात कुणाचे तरी हात गुंडाळलेले असतात. मला विसरलात तरी चालेल, पण आपले नीटनेटके काम चुकले हे कळताच ते आपल्याच हाताने कापणाऱ्या त्या आत्याची आठवण ठेवा.