बनुबाईची बाळंतीण

“फुस्स!”

“आली, आली. सकाळधरनं रुसलीस व्हय गं?” म्हणत बनुबाईनं काचेच्या पेटीचं झाकण सरकवलं. आत अंगठ्याएवढी, बिनपंखांची, फुसकारणारी परदेशी झुरळं. तिच्या भावाच्या मुलाने, निमिषने, हौसेने पाळलेली. तो शिरवळला नोकरीला लागला, तिथल्या घरमालकिणीनं पेटी बघून गल्ली गोळा केली, आणि ही वरात कुंडलला आत्याच्या मागच्या खोलीत उतरली.

“पंधरा वर्सं बॉर्डरवर काढली म्या. आन् म्हातारपनी ह्यो शेजार!” तिचा नवरा गुंडा रोज कुरकुरायचा. पण गाजरं न विसरता आणायचा, तीही घरापुरत्या वाफ्यातली, औषध न मारलेली.

पेटीतली मोठी मादी जड झाली होती. ही जात अंडी पोटातच वागवते आणि जिवंत पिल्लं देते, असं निमिषने सांगितलं होतं. तेव्हापासून बनुबाई तिला केळ्याचा मऊ गर भरवत होती. डोहाळे कुणाचेही असोत, पुरवावेत.

आज शेजारच्या क्रांतीचं डोहाळजेवण होतं. बनुबाईला बोलावणं नव्हतं. लेकरू न झालेल्या बाईनं ओटी भरायची नाही, हे तिला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. तीच अशा दिवशी परसदाराची कडी लावून आत बसायची. लोकांना अवघड नको. दुखायचं मात्र दर वेळी तेवढंच.

दुपार कलली. भिंतीपलीकडची गाणी ऐकता ऐकता पेटीजवळ बसलेल्या बनुबाईचे डोळे जड झाले. हिरवी साडी नेसून मादीच पाटावर बसली आहे आणि आपण तिला ओवाळतो आहोत, असं काहीतरी तिला दिसू लागलं. ओवाळताना कुणीही बनुबाईचा हात अडवत नव्हतं.

कडी वाजली.

“काकी, दार उघडा की. मी क्रांती.”

अंगावर फुलांचे दागिने, पाय सुजलेले. “लय गुदमारतंय तितं. बाया नुसत्या बाळंतपनाच्याच गोष्टी सांगत्यात. भ्या वाटतंय.”

बनुबाईनं तिला बसवलं, पाणी दिलं. पाणी पिता पिता क्रांती पेटीकडे बघतच राहिली. “आवं काकी, हिला काय झालं?”

मादीच्या अंगाखालून तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी पिल्लं बाहेर येत होती. येत होती आणि पुन्हा तिच्याच पोटाखाली शिरत होती. ती जागची हलली नाही. दोघी पेटीवर वाकून बघत राहिल्या. गाणी कधी थांबली, कळलंही नाही.

“सुटली बया,” बनुबाई पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

क्रांतीनं पदर पसरला. “काकी, माजी वटी भरा.”

“न्हाई गं पोरी. माज्या हातानं न्हाई भरत. तुजी सासू काय म्हनंल?”

“हिचं समदं तुमीच केलासा न्हवं? काय वंगाळ झालं?”

बनुबाई उठली. घरात नारळ नव्हता, खणही नव्हता. तिनं डब्यातले ओंजळभर गहू घेतले, त्यावर मादीसाठी राखलेलं केळं ठेवलं. पदरात घालताना निम्मे गहू खाली सांडले. क्रांतीनं पदराला गाठ मारली, जपून वाकून पाया पडली आणि परसदारानंच परत गेली.

संध्याकाळी गुंडा शेतातून आला. दार सताड उघडं, जमिनीवर गहू.

“आज कडी न्हाई लावलीस?”

“न्हाई,” बनुबाई म्हणाली. “तेवडी गाजरं धुवून आना. बाळंतीन हाय घरात.”

गुंडानं टोपी खुंटीला अडकवली आणि गाजरं धुवायला गेला.