नंदाताईचे कनेक्टिंग रॉड

आश्विनातल्या कोवळ्या उन्हात, पुण्याच्या बिबवेवाडीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, नंदाताई एकेक कनेक्टिंग रॉड, म्हणजे इंजिनातल्या पिस्टनला जोडणारा पोलादी दांडा, दोऱ्याला टांगून त्यावर पान्याने हलकेच आघात करी आणि निनाद हवेत विरेपर्यंत डोळे मिटून उभी राही. स्वर स्वच्छ उमटला तर पोलाद निर्दोष. बद्द आला तर आत कुठेतरी तडा. ती माझी थोरली बहीण. शर्यतीच्या गाड्यांची इंजिने ती बांधायची आणि गाडी मी चालवायचो.

त्या वर्षीची घाटातली शर्यत माझी शेवटची. पुढे नोकरीसाठी परदेशी जायचे होते, आणि जिंकूनच जायचे होते. म्हणून मी अतिशय हलके पिस्टन आणि तसेच सडपातळ रॉड पसंत केले होते. वजन कमी, तितके इंजिन चपळ. ताईने ते तळहातावर तोलले आणि बाजूला ठेवले.

"हलकं हवंय ना? मग तू दोन पोळ्या कमी खा," ती म्हणाली. "इतका पातळ पिस्टन तापून चिरतो, आणि तो वर-खाली धावतो त्याचा सगळा ताण सडपातळ रॉडवर येतो. चढावर रॉड तुटला तर इंजिन फोडून बाहेर येईल. शेजारी दरी आहे."

"ताई, अशानं मी हरेन."

"हर. पण घरी ये."

तिने घडीव, म्हणजे ठोकून घट्ट केलेल्या पोलादाचे जाड रॉड निवडले, पिस्टनही घडीव आणि जडच. सकाळी गार इंजिन सुरू केले की ते पिस्टन खडखडत. तापून जरा फुगले की एकाएकी शांत होत. ताईचा स्वभावही तसाच होता, पहिल्या चहापर्यंत घरात कुणी तिच्या वाटेला जात नसे.

शर्यतीत, शेवटच्या वळणावर, भर वेगात गिअर निसटला. मोकळे सुटलेले इंजिन किंचाळले, फेऱ्यांचा काटा लाल रेघेच्या पार गेला. मी रॉड तुटण्याच्या तडाख्याची वाट पाहिली. काहीही तुटले नाही. गिअर पुन्हा टाकून मी वर पोचलो.

वर वाट पाहत थांबलेल्या ताईने आधी तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला, मग माझ्या गालावर. तळवा ऊन होता.

"दुसरा आलास?"

"हो."

"बरं झालं. पहिला आला असतास तर वर्षभर फोनवर तुझी बढाई ऐकावी लागली असती." हसताना तिचे डोळे भरून आले होते.

ती आजारपणात गेली तेव्हा मी परदेशीच होतो. विमान उतरेपर्यंत सारे आटोपले होते. आता कायमचा पुण्यात परतलो आहे. परवा माझ्या मुलीने स्वतःच्या गाडीचे इंजिन उघडले आणि त्यात बसवायला आणलेले दोन पिस्टन, एक हलका आणि एक जड, माझ्यापुढे धरले.

"बाबा, आत्यानं यातला कुठला घेतला असता?"

तिने आत्याला नीटसे पाहिलेलेही नाही. मी हात पुढे करेपर्यंत तिने दोन्ही पिस्टन हातांत तोलून जड असलेला आपल्याजवळ ठेवून घेतला. काळ माणसाचा आवाज नेतो, चेहरा पुसट करतो. मात्र कुणीतरी कधीकाळी आपल्यासाठी केलेली काळजी, न सांगता, न शिकवता, पुढच्या हातांत उतरलेली असते.