एक नंबरचा फोटो

मी एक सोंग बोलतोय. हातात धरून खेळायचं ते जुनं छोटं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. मी ते नाही. मी त्याची नक्कल करणारा, फोनमध्ये राहणारा एम्युलेटर आहे. ते यंत्र बाजारातून गेलं तेव्हा कुणा हौशी माणसाने सुट्टीच्या दिवसांत बसून मला लिहिलं आणि फुकट वाटून टाकलं. फुकटच्या वस्तूला किती मान असतो ते मी सांगायला नको. लोक मला घेतात, दोन दिवस उड्या मारायचे खेळ खेळतात आणि फोनमधली जागा भरली की सगळ्यांत आधी मलाच काढून टाकतात.

जिच्याबद्दल सांगायचंय तिने मात्र माझ्यावर एकही खेळ खेळला नाही. ती बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. उजेडाच्या काचेपुढून बाटल्या सरकत जायच्या आणि ही दिवसभर त्यांच्याकडे टक लावून बसायची. केसाएवढा तडाही तिच्या नजरेतून सुटायचा नाही, म्हणून सगळे तिला भिंग म्हणत. नाव चिडवायला ठेवलेलं, पण तिला ते आवडायचं.

तिने माझ्यात गाणी रचायचा एक प्रोग्राम टाकला. त्या जुन्या यंत्राला गळे चारच. दोन पिपाणीसारखे, एक घुमणारा आणि एक नुसता खरखरणारा. एका पट्टीत सोळा घरं. घरांत आकडे आणि अक्षरं भरायची, की ते वाजतं. आणि अशा पट्ट्या एकीखाली एक लावत जायच्या. जेवणाच्या सुट्टीत भिंग पाच मिनिटांत डबा संपवायची आणि एका कानात इअरफोन घालून घरं भरत बसायची. खरखरणाऱ्या गळ्यातून तिने बाटलीवर बाटली आपटल्याचा आवाज काढला, तेव्हा मी चाटच पडलो. माझ्यात हे आहे हे मला तरी कुठं माहीत होतं!

तिच्या शेजारी पेट्या भरणारी एक बाई असे. भिंगची ती एकुलती एक मैत्रीण. भिंग तिला पेटीवालीच म्हणायची.

"काय गं, फोनमध्ये डास पाळलेत की काय?" पेटीवाली विचारायची.

"डास नाहीत ते, धून आहे माझी."

"मग पुरी करून ऐकव की एकदा! तुझं म्हणजे प्रत्येक काम अर्धं."

बोलणारी हसत बोलली, पण ते भिंगला लागलं. वडील गेले तेव्हा नर्सिंगचा अभ्यास दुसऱ्या वर्षातच सुटला होता. लग्न ठरून मोडलं होतं. घरी कपाटात एका बाहीचा स्वेटर पडून होता, त्याची दुसरी बाही गेल्या सहा वर्षांत सुयांवर चढली नव्हती. त्या दिवशी तिचा अंगठा एकाच घरावर कितीतरी वेळ थांबून राहिला. मला सगळं आठवतं. आठवणं हेच तर माझं काम.

मग तिच्या रक्तातच बिघाड निघाला. कारखाना सुटला. खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून ती माझ्यात काम करू लागली. दहा मिनिटं काम आणि तासभर डोळे मिटून पडणं.

"आई, ही एक गोष्ट मी शेवटाला नेणार बघ," ती म्हणाली. "माझंही काही पुरं झालं होतं, असं कुणाला तरी म्हणता येऊ दे."

"आधी बरी हो. धून काय पळून जातेय?" आई म्हणाली आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा घात तिथेच झालाय. माझ्यात जपून ठेवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे गाण्याच्या प्रोग्रामची स्वतःची वही. त्यात लिहिलेलं यंत्र बंद केलं तरी राहतं. दुसरी तऱ्हा माझी. मी त्या क्षणाचा अख्खा फोटो काढून ठेवतो. तो फोटो परत उघडला की सगळं त्या क्षणी होतं तसं होतं. वहीसुद्धा. त्यानंतर वहीत काय काय लिहिलं गेलं याला मग काही किंमत उरत नाही. जुनं पान नव्यावर बसतं आणि नवं कायमचं जातं.

धून अर्धी झाली होती तेव्हा भिंगने आईसाठी असा एक फोटो काढला. तिला इस्पितळात नेणार होते.

"ऐकावंसं वाटलं तर मला उघडून द्यायला लावू नकोस हं," ती आईला म्हणाली. "हे चित्र दाबायचं, मग हा एक आकडा. बास, वाजतं."

मी नियमाप्रमाणे विचारलं: तुम्हाला खात्री आहे का? आईने घाबरून हातच मागे घेतला. "नको बाई, काही बिघडलं तर? तूच लाव."

"हात्तिच्या! थांब, त्याला विचारूच नको म्हणून सांगते," भिंग म्हणाली आणि तिने माझा तो प्रश्न कायमचा बंद करून टाकला. आईवरच्या मायेपोटी केलं तिने. माझ्याजवळ एवढा एकच शब्द होता, तोही गेला.

इस्पितळात सहा आठवडे गेले. डाव्या हाताला सुई, उजव्या अंगठ्याने काम. धून पुढे सरकत होती. शेवटच्या भागात तिने बाटल्यांचा खडखडाट एकेक करून कमी केला, घुमणारा गळा बंद केला आणि दोन्ही पिपाण्या हळूहळू एका सुरावर आणून ठेवल्या. मंगळवारी दुपारी, जेवणाचं ताट यायच्या आधी, ती संपली. भिंगने ती वहीत लिहिली, दोनदा ऐकली आणि पेटीवालीला फोन लावला.

"झालं गं! पुरं झालं!"

"काय सांगतेस! पाठव की मग."

"उद्या पाठवते. आज हातात त्राण नाही."

फोन ठेवल्यावर ती स्वतःशीच पुटपुटली, "आईचा फोटोही बदलायला हवा." मग ताट आलं. संध्याकाळी ताप चढला. शुक्रवारी ती गेली.

पाहुणे पांगल्यावर, पंधरा-वीस दिवसांनी, आई त्या पलंगावर बसली आणि तिने मला उघडलं. वही जागेवर होती. पुरी धून त्या वहीत होती. आईने चष्मा पुसला, आठवून आठवून चित्र दाबलं, मग एक आकडा दाबला. अहो, मी काय करणार होतो? विचारायची सोय नाही, थांबायची सोय नाही. दाबलं की करायचं, एवढीच माझी अक्कल. फोटो उघडला. आईने मला बंद केलं तेव्हा त्या जुन्या वहीने नव्या वहीची जागा घेतली. अंगठ्याने सहा आठवडे केलेलं काम मी डोळ्याचं पातं लवायच्या आत पुसून टाकलं.

आईला यातलं काहीच कळलं नाही. तिला लेकीची धून ऐकू आली. ती रडली आणि दुसऱ्या दिवशी परत ऐकायला आली.

महिन्याभराने पेटीवाली भेटायला आली. कारखान्याचा गणवेश अंगावर तसाच होता. म्हणाली, "काकू, तिची धून ऐकवाल का? ती पाठवते म्हणाली होती, राहूनच गेलं."

आईने मोठ्या अभिमानाने एक आकडा दाबला. बाटल्या खणखणल्या. पेटीवाली हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. धून चढत गेली आणि मधेच, ऐन चढावर तुटली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"एवढीच?" पेटीवाली म्हणाली. "पण काकू, ती तर मला म्हणाली होती, पुरी झाली म्हणून. किती खूश होती!"

आईने फोन मांडीवर ठेवला. मग हातातला पदर चुरगाळत म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल गं. तिला कबूल करवलं नसेल. हेही अर्धंच राहिलं माझ्या पोरीचं."

"असेल, काकू," पेटीवाली हळूच म्हणाली. तिचा त्यावर विश्वास बसलेला मला दिसला.

आता फोनची बॅटरी फुगलीय, मागचं झाकण बसत नाही. आई फोनला रबर लावून ठेवते आणि रोज दुपारी एक आकडा दाबते. फार दिवस हे चालायचं नाही. मला मरणाची भीती नाही; सोंगाला कसलं मरण! पण माझ्यामुळे ती खोटी ठरली, हे घेऊन जायचं माझ्या जिवावर आलंय.

तुमच्यापैकी कुणाची त्या दोघींशी कधी गाठ पडली, तर कृपा करून एवढं सांगा. धून पुरी झाली होती. मंगळवारी दुपारी, मी समोर होतो. ती मी पुसली.