घरच्या बट्टीचं पोतं

मी भिकुबाई. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपड्याच्या अलीकडे आमचं गाव. गावात सगळे केळी आणि कापूस लावतात, मी दोन एकर बन्सी गहू लावते. ते दोन एकर बापाने माझ्या नावावर केलेत. माझा मुलगा ललित दरवर्षी डोकं खातो, "माय, तिथंही केळीच लावू." या वर्षी आमचं ठरलं. बन्सीला साध्या गव्हापेक्षा जास्त भाव मिळाला तर रान माझं. नाही मिळाला तर पुढच्या वर्षी केळी, आणि मी तोंड उघडायचं नाही. मी हो म्हणून बसले. रागात माणूस काहीही कबूल करतं.

बन्सीचा दाणा लांबट, पिवळसर आणि कडक. दाताखाली घेतला की कट्‌ वाजतो. रवा, शेवया, वरणासोबतची बट्टी याचीच. लोकवन, म्हणजे साधा गहू, पोळीला चांगला, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याची बट्टी करून बघा, मग बोलू.

एप्रिलमध्ये ट्रॉली भरून बाजार समितीच्या आवारात गेलो. ढीग ओतला. लिलाव आमच्यापाशी आला तसे ज्ञानचंद शेठ पुढे झाले. त्यांच्याशी आमचा वीस वर्षांचा व्यवहार, माणूस बोलायला गोड. त्यांनी मूठभर गहू तळहातावर पसरला, बोटाने फिरवला आणि लोकवनचा भाव पुकारला.

"शेठ, हा बन्सी आहे," मी म्हणाले.

"ते दिसतंय अक्का. पण दाणा पांढरा पडलाय. रव्याच्या गिरणीला असला चालत नाही. साध्यातच जाईल."

बाकीच्या व्यापाऱ्यांनी बोली वाढवली नाही. शेठ बोलले की त्यांच्यावर सहसा कोणी चढत नाही.

पांढरे दाणे होते, खोटं कशाला सांगू. शेताच्या खालच्या अंगाला युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा राहिला, तिथला दाणा पांढरा पडला. तो माल वेगळा ठेवायला हवा होता. पण ढीग मोठा दिसला की व्यापारी थांबतात, म्हणून ललितने सगळा एकत्र केला आणि मी करू दिला. आमच्याकडे सगळे तेच करतात.

मी चहावाल्याकडून एक ताट आणलं.

"मूठ तुम्हीच भरा शेठ. नाहीतर म्हणाल, बाईने निवडून घेतला."

त्यांनी हसत मूठ ताटात टाकली. मी ढिगाशेजारी बसून शंभर दाणे मोजले आणि पांढरे बाजूला काढले. अकरा भरले.

"अकरा दाण्यांचा भाव कापा. एकोणनव्वदांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

"दाणे मोजून बाजार चालतो का अक्का? बठ्ठा एकच ढीग शे, सगळ्याला एकच भाव."

ललित कानाशी आला. "माय, देऊन टाक. परत न्यायचं म्हणजे ट्रॉलीचं भाडं डोक्यावर." त्याचं काय जातंय, त्याला केळी लावायचीच होती. मला रडू यायला लागलं, आणि बाजारात रडू येतंय याचाच जास्त संताप आला.

तेवढ्यात शेठ म्हणाले, "आणि जाताना घरचं पोतं घरी टाका. लाडकुंवर कालपासून विचारतेय."

लाडकुंवरबाई म्हणजे शेठची बायको. घरच्या बट्टीसाठी वीस वर्षं त्या माझ्याकडून एक पोतं बन्सी घेतात, बन्सीच्याच भावात. ओळखू यावं म्हणून ते पोतं मी लाल दोऱ्याने शिवते. यंदाचंही भरलं होतं, याच गव्हातून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ट्रॉलीतून पोतं ओढलं, विळ्याने लाल दोरा कापला आणि पोतं ढिगावर रिकामं केलं. वर दोन्ही हातांनी कालवलं.

"लाडकुंवरबाईंना सांगा, यंदा बन्सी नाही, साधाच आहे. आता यातून तुमच्या बट्टीचा गहू वेगळा काढून दाखवा. निघाला तर बाकीचा न्या लोकवनच्या भावात. नसेल निघत तर मला द्यायचाच नाही. माल माझा आहे, मी परत भरते."

आणि मी पाटीने भरायला लागले. एकटीच. ललित उभा. हमाल हसायला लागले, ते काही मला हसत नव्हते.

शेठ वाकले. ढिगातून एक दाणा उचलून त्यांनी दाताखाली धरला. कट्‌ वाजलं, ते मलाही ऐकू आलं.

"एकोणनव्वदांना बन्सीचा भाव," ते हळू म्हणाले. "अकरांना लोकवनचा."

"चालेल. हेच मघापासून सांगतेय."

"आणि घरचं पोतं?"

"याच ढिगातून भरून घ्या. दोरा आहे माझ्याकडे."

परतताना ललित ट्रॅक्टर चालवत होता. गावाचा फाटा आला तेव्हा म्हणाला, "माय, पुढच्या वर्षी खालच्या अंगाला युरिया मी टाकतो."

"टाक," मी म्हणाले. "पण ढीग वेगळे लावायचे."