ऊबमहाराज आणि लोळणारं गाढव

"आली! गुडघ्यात आली!" शिंपीकाका खुर्चीतून ओरडले आणि अख्खा हॉल टाळ्या पिटायला लागला.

काय आली? ऊब. कुणाची? ऊबमहाराजांची. महाराज स्वतः कुठेतरी एसीत बसून मोबाइलवर प्रकटायचे, आवाज हॉलमधल्या स्पीकरवर. कृपेची कृती सोपी. फोन चार्जिंगला लावा, स्क्रीनचा उजेड फुल करा, महाराजांचा व्हिडिओ चालू ठेवा, फोन लोकरी मफलरमध्ये गुंडाळा आणि दुखऱ्या जागी दाबून धरा. ऊब न येऊन सांगते कुणाला!

शिंपीकाकांच्या फोनवर तर इतकी कृपा झाली होती, की त्याचं पोट वर येऊन मागचं झाकणच उघडलं होतं.

"काका, फोनला दिवस गेले की काय?" मी विचारलं.

"कृपा आत मावेना!" महाराजांचा सेवक माझ्यावर खेकसला.

मी पोट धरून हसलो असतो. पण पहिल्या रांगेत माझी आत्या फोन छातीवर दाबून बसली होती. तिला दमा. "श्वासाचा पंप सोडा, नाहीतर ऊब रुसते," असं महाराज म्हणाले आणि तिनं पंप सोडला. आता एक वाक्य पुरं करताना मध्येच थांबायची. आणि तो भामटा माझ्या फोनवर गालातल्या गालात हसत होता.

माझी वहिनी शाळेत विज्ञान शिकवते. ती पुढे गेली. "आत्याबाई, द्या फोन. नीट गुंडाळून देते."

गुंडाळून दिला. थोड्या वेळानं आत्या डोळे मिटून म्हणाली, "आली गं... आज... जास्तच आली!"

वहिनीनं मफलर सोडला. स्क्रीनवर एक गाढव उकिरड्यात मजेत लोळत होतं.

"गुंडाळताना व्हिडिओ मीच बदलला. ही याची कृपा, आत्याबाई."

सेवक गडबडला. "महाराज... गाढवाच्या रूपातही..."

"ते आम्हाला आधीपासूनच वाटत होतं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हशानं फुटला.

मग वहिनीनं माझ्या फोनचं कव्हर काढलं, चार्जर काढला, उजेड कमी केला, महाराज लावले आणि फोन उघडाच टेबलावर ठेवला. बराच वेळ गेला. शिंपीकाकांनी हात लावून बघितला.

"महाराज थंड पडले की हो!"

"पडणारच. चार्जिंग, व्हिडिओ, भडक उजेड, प्रत्येकानं फोन तापतो. वर मफलर घातला की उष्णता बाहेर जायला वाटच नाही. आणि काका, ती कृपा नाही, बॅटरी फुगलीय. दाबू नका, चार्जिंगला लावू नका, पेट घेईल. बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्या."

काकांनी फोन मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला. सेवक तेवढ्यात स्पीकर उचलून पसार.

आत्या गाढवाकडे बघत होती. "म्हणजे मी... याच्यासाठी..." पुढचा श्वासच येईना. वहिनीनं पर्समधून आत्याचा पंप काढला. आत्यानं तो ओढला, थांबली, पुन्हा ओढला, आणि मग एका दमात, कुठेही न अडखळता, महाराजांना अशी शिवी हासडली की मला इथे लिहिता येत नाही.

तेव्हा मंडळी, फोन तापला तर कव्हर काढा, चार्जर काढा, त्याला जरा पडू द्या. दम लागला तर डॉक्टर गाठा. आणि डोकं बिनधास्त वापरा. फोन तापवल्यानं बिघडतो, डोकं न वापरल्यानं.